एसक्यूएलमॉडेल आठ महिने वापरल्यावर: तपासणी ठेवायची कुठे?

गावच्या दूध संकलन केंद्राची नोंदणी मी आठ महिने एसक्यूएलमॉडेल (पायथनची डेटाबेस लायब्ररी) आणि पोस्टग्रेस डेटाबेसवर चालवतोय. एकाच क्लासमधून टेबलही बनतं आणि पायडँटिकची (किंमती नियमात बसतात का ते बघणारी लायब्ररी) तपासणीही मिळते, या भरवशावर ही लायब्ररी घेतली. टेबलाचं काम चोख आहे. तपासणीच्या बाबतीत मात्र मी फसलो.

फॅटच्या फील्डला शून्याच्या वर आणि १२ पर्यंत अशी मर्यादा घातली होती. तिसऱ्या महिन्यात एका शेतकऱ्याचं दहा दिवसांचं बिल भलतंच फुगलं. नोंदी काढल्या तर एका सकाळी ६.४ लिटर, फॅट ३८! मशीनवर ३.८ होतं, टाइप करताना टिंब राहिलं.

कारण शोधलं तर असं: क्लासला 'टेबल=ट्रू' (हा क्लास म्हणजे डेटाबेसमधलं टेबल, अशी खूण) लावलं की नवा ऑब्जेक्ट बनवताना पायडँटिकची तपासणी होतच नाही. आतून डेटाबेसशी बोलणाऱ्या एसक्यूएलअल्केमीला अर्धवट भरलेले, नाती नंतर जोडलेले ऑब्जेक्टही चालवून घ्यावे लागतात, म्हणून ही सूट. शिवाय त्या मर्यादेचं डेटाबेसमध्ये चेक कन्स्ट्रेंटही (चुकीची किंमत डेटाबेसनेच नाकारायचा नियम) आपोआप होत नाही. एका ओळीत दोन पहारे बसवले असं मी समजत होतो, प्रत्यक्षात एकही नव्हता. जँगो या पायथन फ्रेमवर्कमध्येही 'सेव्ह' आपणहून 'फुल_क्लीन' हे तपासणीचं फंक्शन बोलवत नाही, हे ठाऊक असूनही इथे डोळे झाकून विश्वास ठेवला.

आता येणाऱ्या माहितीसाठी टेबल नसलेला वेगळा क्लास आहे, आणि त्यातून 'मॉडेल_व्हॅलिडेट' या तपासणी करणाऱ्या फंक्शनने टेबलाचा ऑब्जेक्ट बनतो. गाय-म्हशीच्या फॅटच्या वेगळ्या मर्यादा, म्हणजे उद्या बदलू शकणारे नियम, त्या क्लासात. कधीच घडू नये ते, उणे लिटर किंवा ३८ फॅट, चेक कन्स्ट्रेंटमध्ये. दोन्हीकडे लिहायचा कंटाळा येतो, पण दुरुस्तीच्या स्क्रीनवर जुन्या नोंदीत थेट किंमत घातली की पायडँटिक गप्प बसतं. तिथे फक्त डेटाबेसच अडवतो.

टेबलांतले बदल डेटाबेसमध्ये उतरवणाऱ्या अलेम्बिकची ऑटोजनरेट सोय चेक कन्स्ट्रेंट पकडत नाही. मायग्रेशनमध्ये (त्या बदलांच्या फाइलमध्ये) ते हाताने लिहा. जुन्या चुकीच्या नोंदी असतील तर पोस्टग्रेसमध्ये आधी 'नॉट व्हॅलिड' (जुन्या नोंदी आत्ता तपासू नको) लावून कन्स्ट्रेंट घाला, नोंदी निस्तरा आणि मग 'व्हॅलिडेट' करा. आणि रकाना 'नॉट नल' हवाच, कारण नल (रिकामी) किंमत चेकमधून सहज निसटते.

लायब्ररी सोडणार नाही. पहाटे काट्यावर बसलेल्या मुलाला आता स्क्रीनवर मराठीत दिसतं: "फॅट ३८? टिंब राहिलं का बघा." बिलं वाटून झाल्यावर शेतकऱ्याच्या दारात जाऊन पैसे परत मागायची वेळ पुन्हा आलेली नाही.