भायलीतला टू बीएचके : भाडे एक, खर्च दुसरा

बडोद्यात दांडिया बाजार, रावपुऱ्यातून वासणा-भायलीकडे राहायला जाणारे आधी भाडे विचारतात. भायली २०२० पासून महानगरपालिका हद्दीत आहे, पण खर्चाचे गणित जुन्या बडोद्याचे नाही. काही महिने राहिल्यावर ठाम मत झाले आहे की फ्लॅट भाड्यावरून नव्हे, पाण्यावरून निवडावा.

समजा भाडे १४,००० आहे. करार ११ महिन्यांचा आणि दलाली एका भाड्याची, म्हणजे दरमहा १,२७३ तिथेच गेले. मेंटेनन्स १,५०० धरला की आकडा १६,७७३ होतो. दोन भाड्यांचे डिपॉझिट वेगळे अडकते, आणि सोडताना त्यातून रंगकाम कापतात. किती कापणार ते करारात आकड्यात लिहून घ्या. 'नियमाप्रमाणे' हा शब्द चालवून घेऊ नका. घरभाडे भत्त्याची सवलत घेणार असाल तर वर्षाचे भाडे एक लाखावर जाताच मालकाचा पॅन लागतो. रोख मागणारा मालक तो सहसा देत नाही.

आता पाणी. सोसायटीत पालिकेचे पाणी येते, बोअरचे, की दोन्ही एकाच टाकीत मिसळतात, हे वॉचमनला विचारा. दलालाला विचारून उपयोग नाही. टीडीएस पेन, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारे छोटे यंत्र, घेऊन सकाळी आणि दुपारी असे दोनदा मोजा. भारतीय मानकात लिटरमागे ५०० मिलिग्रॅम ही पिण्यासाठी स्वीकारार्ह मर्यादा आहे, पर्यायी स्रोत नसेल तर २,००० पर्यंत. पण पेन कठीणपणा दाखवत नाही. त्यासाठी साबण फेसाळतो का ते बघा, शॉवरच्या भोकांतला पांढरा थर बघा. तोच थर गीझरच्या एलिमेंटवर बसतो. मग पाणी तापायला वेळ लागतो, वीज जास्त जाते आणि शेवटी एलिमेंट जळते. आरओचा मेंब्रेनही लवकर बसतो. दुरुस्ती कोणाकडे, हे करारात हवे.

वीजबिल दोन महिन्यांनी येते, त्यात युनिटच्या दराखेरीज स्थिर आकार, इंधन अधिभार आणि वीज शुल्क असते. ताबा घेताना मीटरचा तारखेसह फोटो काढा आणि मागची थकबाकी तपासा. वरचा मजला स्वस्त मिळतो, पण मे महिन्यात तापलेल्या स्लॅबखाली एसी रात्रभर चालतो.

विश्वामित्री नदीच्या बाजूचे घर बघत असाल तर ऑगस्ट २०२४ च्या पुराची खूण पार्किंगच्या भिंतीवर शोधा. ताजा रंग फक्त खालच्या चार फुटांना असेल तर लिफ्ट कधी दुरुस्त केली तेही विचारा.