कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतला तबल्याचा क्लास: कुणी जावं, कुणी जाऊ नये

गणपतीच्या आरतीला ठेका धरता यावा एवढ्यासाठी तबला शिकणार असाल, तर इकडं फिरकू नका. इथं सर सुरुवातीला तबल्याला हातच लावू देत नाहीत. नुसती पढंत. हातानं टाळी-खाली दाखवायची आणि तोंडानं बोल म्हणायचे.

सोपं वाटतं ना? त्रिताल घ्या, सोळा मात्रांचा (मात्रा म्हणजे एक ठोका). पहिल्या, पाचव्या, तेराव्या मात्रेला टाळी, नवव्याला खाली. आता मेख बघा. नवव्याला हात रिकामा जातो, पण तोंडात असतो दणदणीत 'धा'. तेराव्याला टाळी पडते आणि तोंडात 'ता'. भलेभले इथंच घसरतात. सर काही बोलत नाहीत, नुसते हसतात आणि परत समेपासून, म्हणजे पहिल्या मात्रेपासून.

याआधीच्या एका क्लासात (नाव नको) पहिल्याच दिवशी तबला पुढ्यात, वही समोर आणि मनात मात्रा मोजत वाजवा म्हणून आग्रह. दिवसभर गुजरीत (सराफ बाजारात) हिशेब करणाऱ्या माणसाला संध्याकाळी पुन्हा मोजायलाच लावलं! ठेका बसला नाही तो नाहीच.

मुलगी मानसशास्त्र शिकते. ती म्हणाली, "बाबा, यावर प्रयोग झालेत." १९८७ साली निसन आणि बुलेमर या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना दिव्यांसमोर बसवलं. जो दिवा लागेल त्याच्याखालचं बटण दाबायचं. दिवे दहा वेळांच्या एकाच ठरलेल्या क्रमानं पुन्हा पुन्हा लागत होते, हे सांगितलेलं नव्हतं. तरी सरावानं बोटं झपाझप पडू लागली. पण ज्यांना त्याच वेळी बारीक-जाड आवाजांतले जाड तेवढे मोजायला लावलं, त्यांच्यात तो क्रम मुरलाच नाही म्हणे. पुढं २००२ मध्ये शिन आणि आयव्हरी यांना दिसलं, की वेळेचा साचा (कधी) जागांच्या क्रमाशी (कुठं) बांधलेला असला तर बसतो, एकटा बसत नाही.

आमच्या सरांना हे कुणी सांगितलेलं नाही. पण त्यांच्याकडं हात आणि तोंड ही दोन वेगळी कामं राहतच नाहीत, दोन्ही एकाच मात्रेला बांधलेली. लय सुटली की बोल सुटतो, बोल चुकला की हात अडखळतो, त्यामुळं चूक लगेच कळते. खरं दुसरं काम ते फार उशिरा लावतात. ठेका पक्का झालेल्याला मध्येच विचारतात, "जेवलासा काय?" हात न थांबवता उत्तर द्यायचं आणि बरोबर समेवर यायचं. नव्या पोरांना हा प्रश्न कधीच नाही. मला विचारला त्या दिवशी घरी जाताना पेढे घेतले.

तक्रारी आहेत. शेजारच्या खोलीत झपताल चालू असला की पातळ भिंतीतून दहा मात्रा आत येतात आणि आमच्या सोळांचा चुराडा होतो. बसायला सतरंजी, गुडघे बोलतात. फोन मध्येच वाजला की सर उचलतात, ते मला अजिबात आवडत नाही.

फी बाकीच्यांसारखीच, महिन्याची आगाऊ. लहान मुलांची गर्दी संध्याकाळी असते, मोठ्यांनी सकाळची बॅच मागावी. गाडी बोळात लावू नका, समोरच्या घरातल्या आजी चाकातली हवा सोडतात.