आय-१३०चं ‘प्रीमियम’ विकणारा एजंट

अमेरिकन नागरिकाशी लग्न झालंय आणि कोणी तुम्हाला “तुमची आय-१३० प्रीमियममध्ये टाकतो, चार महिन्यांत काम होईल” असं सांगतंय, तर तिथूनच उठा. आय-१३० म्हणजे अमेरिकन नवऱ्याने किंवा बायकोने आपल्या जोडीदारासाठी तिथल्या इमिग्रेशन खात्याकडे, म्हणजे यूएससीआयएसकडे, करायचा पहिला अर्ज. जादा फी भरून तो लवकर काढून घ्यायची सोयच नाही. या नसलेल्या सोयीचे दीड लाख रुपये आमच्याकडून घेतले गेले. वर आणखी काय काय गेलं ते पुढे सांगतेच.

हे खोटं खपतं कसं, तर ते अर्धं खरं असतं. पुण्यात आयटीतल्या कुठल्याही घरात विचारा, एच-१बीचं, म्हणजे नोकरीच्या अमेरिकन व्हिसाचं, प्रीमियम प्रोसेसिंग सगळ्यांना माहीत असतं. जादा फी (२०२४ मध्ये ती २,८०५ डॉलर होती) भरली की पंधरा कामाच्या दिवसांत उत्तर येतं. म्हणजे ‘प्रीमियम’ हा शब्द कानावरून गेलेला असतो, आतेभावाचं, मामेबहिणीचं तसं झालेलं असतं. नोकरीच्या काही अर्जांना ती सोय आहे आणि नवरा-बायकोच्या अर्जाला नाही, हे मात्र कोणी सांगत नाही. आमचा एजंट तर आणखी वरचढ. तो म्हणाला, “ऑफिशियल रेट सव्वादोन लाखाच्या वर जातो काका, आपल्या कोट्यातून दीडमध्ये करून देतो.” नसलेल्या वस्तूवर सूट!

‘काका’ म्हणजे माझे बाबा. एसटीतून निवृत्त झालेले, साताऱ्यात राहणारे. माझा नवरा मिशिगनचा. पुण्यात कंपनीच्या कामाला आला होता, तिथे ओळख झाली. स्पेशल मॅरेज ॲक्टखाली पुण्यात नोंदणी करून आम्ही लग्न केलं आणि काम संपल्यावर तो परत गेला. तेव्हापासून घरात येणारा प्रत्येक माणूस पहिला प्रश्न विचारायचा, “मग, कधी जाणार?” हळदीकुंकवाला बायका आईला बाजूला घेऊन विचारायच्या, जावई तिकडे आणि पोरगी इकडे, सगळं ठीक आहे ना? या प्रश्नाने बाबांची झोप उडाली होती. आत्याच्या सोसायटीतल्या एकांनी या एजंटचं नाव सुचवलं. डेक्कनजवळ छोटं ऑफिस, भिंतीवर झेंडे, टेबलावर काचेखाली व्हिसा मिळालेल्यांच्या पासपोर्टच्या झेरॉक्स. (दुसऱ्यांच्या पासपोर्टची पानं असा माणूस उघड्यावर ठेवतो, तर आपली कुठे ठेवेल?) त्याने बाबांना पहिल्याच भेटीत सांगितलं, “टेन्शन घेऊ नका काका, पोरगी आमचीच आहे.”

या सगळ्यात नवरा कुठे होता? हाच प्रश्न कोणीही विचारायला हवा, कारण आय-१३०चा अर्जदार नवराच असतो. कागदावर पिटिशनर, म्हणजे अर्ज करणारा, तो; आणि ज्याच्यासाठी अर्ज करायचा ती बेनिफिशियरी मी. आपलं नागरिकत्व, आपलं लग्न, आधीचं लग्न असेल तर ते कायद्याने संपल्याचा कागद, हे सगळं त्याने दाखवायचं. ऑनलाइन भरला तर अर्ज त्याच्या खात्यातून जातो, सही त्याची, फी त्याच्या कार्डावरून. एजंटला मात्र त्याच्याशी बोलायचंच नव्हतं. “सरांना कशाला त्रास, त्यांची सही फक्त स्कॅन करून पाठवा.” नवऱ्याच्या नावाचं खातं त्याने स्वतःचा ईमेल टाकून उघडलं. पासवर्ड मागितला की म्हणायचा, “दोन ठिकाणांहून लॉगिन झालं की अकाउंट लॉक होतं मॅडम, मग केस मागे पडते.” नवऱ्याने एकदोनदा कुरकुर केली. तिकडे कायद्याचा सल्ला वकील किंवा सरकारमान्य प्रतिनिधीच देऊ शकतो, हे त्याला माहीत होतं. पण इथे सगळ्यांना वाटलं, साहेबाला आपल्याकडची कामं कशी होतात ते काय कळणार.

मग एक दिवस व्हॉट्सॲपवर पीडीएफ आली. रिसीट नोटीस, म्हणजे अर्ज मिळाल्याची पावती. वरती अमेरिकन सरकारचं बोधचिन्ह आणि रिसीट नंबर, आयओई ही अक्षरं आणि पुढे दहा आकडे. घरात पेढे वाटले गेले. पाठोपाठ खर्चाची यादी सुरू झाली. पोलीस क्लिअरन्ससाठी आठ हजार (पासपोर्ट सेवा केंद्रात त्याची सरकारी फी ५०० रुपये आहे आणि अर्ज आपणच करायचा असतो). लग्नाच्या दाखल्यावर अपोस्टिल, म्हणजे परदेशात चालण्यासाठीचा सरकारी शिक्का, हवं म्हणून बारा हजार. अमेरिकेच्या या व्हिसाला अपोस्टिल लागतच नाही. ‘रिलेशनशिप फाईल’ नावाचा एक प्रकार होता. त्यात आमचे फोटो अल्बमसारखे लावून द्यायचे, आणि “थोडे कमी पडले तर आपण करून घेऊ.” करून घेऊ म्हणजे काय, हे मी त्याच्या तोंडून काढून घेतलं. वेगवेगळ्या कपड्यांत एकाच दिवशी वेगवेगळ्या जागी फोटो काढायचे. ज्या नवरा-बायकोचं लग्न खरं आहे, त्यांना खोटे पुरावे विकायला निघालेला माणूस!

फुटलं ते पैशाच्या पद्धतीवरून. काही महिन्यांनी ईमेल आला की पिटिशन मंजूर झाली, केस नॅशनल व्हिसा सेंटरकडे (एनव्हीसी, मंजुरीनंतर व्हिसाची कागदपत्रं पाहणारं अमेरिकन सरकारी केंद्र) गेली, आता ४४५ डॉलर भरा. आकडा अगदी बरोबर होता. त्या टप्प्यावर व्हिसाच्या अर्जाचे ३२५ आणि आर्थिक जबाबदारीच्या हमीपत्राचे १२० डॉलर भरावे लागतात, दोन्ही मिळून ४४५च. चोराने अभ्यास केला होता म्हणायचा. पण खाली एजंटच्या मेव्हण्याचा यूपीआय क्यूआर कोड. ही फी अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या साइटवरच भरायची असते आणि ती फक्त अमेरिकन बँकेच्या खात्यातून जाते, तिथे क्रेडिट कार्डसुद्धा चालत नाही. नवऱ्याला मी ईमेल पाठवला, तर त्याने सगळ्यात आधी पाठवणाऱ्याचा पत्ता पाहिला. सरकारी पत्त्याच्या शेवटी डॉट जीओव्ही असतं, इथे साधा फुकटातला ईमेल. केस नंबर एनव्हीसी अक्षरांनी सुरू होत होता. मुंबईच्या वकिलातीत मुलाखत व्हायच्या केसचा नंबर बीएमबीने सुरू होतो.

त्याच रात्री आम्ही रिसीट नंबर यूएससीआयएसच्या केस स्टेटसच्या पानावर टाकला. हे पान सगळ्यांना खुलं आहे. लॉगिन लागत नाही, पासवर्ड लागत नाही, अकाउंट लॉक-बिक काही होत नाही. नंबर खरा निघाला. फक्त पानावर लिहिलं होतं, “आम्हाला तुमचा फॉर्म आय-७६५ मिळाला आहे.” आय-७६५ म्हणजे अमेरिकेत असलेल्या माणसाने कामाच्या परवान्यासाठी केलेला अर्ज. दुसऱ्याच कुणाची तरी पावती! मग ती पीडीएफ मोठी करून पाहिली. नवऱ्याच्या नावाची अक्षरं शेजारच्या ओळींपेक्षा किंचित जाड होती. आणि नावाच्या वर छापलं होतं ‘ॲप्लिकंट’. आय-१३०च्या पावतीवर पिटिशनर आणि बेनिफिशियरी अशी दोन नावं असतात. इथे माझं नाव कुठेच नव्हतं. फॉर्मचा नंबर त्याने बदलला होता, रकाने बदलायचे राहून गेले होते. नवऱ्याने यूएससीआयएसला फोन केला, त्याच्या नावाने काहीही दाखल नव्हतं.

एजंटला विचारलं तेव्हा आधी “साइटवर जुना डेटा असतो”, मग “अमेरिकेतल्या पार्टनरने घोळ केला”, आणि शेवटी एकदम नवीन बेत. “ताई, हे सोडा. टूरिस्ट व्हिसावर जा, तिकडे पोचल्यावर स्टेटस बदलून घेऊ. त्यातच पैसे ॲडजस्ट करतो.” दोन दिवसांत त्याने डीएस-१६०, म्हणजे टूरिस्ट व्हिसाचा ऑनलाइन अर्ज, भरून तपासायला पाठवला. वैवाहिक स्थिती: अविवाहित. तुमच्यासाठी कोणी कधी इमिग्रंट पिटिशन केली आहे का: नाही. हा अर्ज भरायला कोणी मदत केली का: नाही. या शेवटच्या ‘नाही’वर मला हसू आलं, खरं सांगते.

याआधीच्या सगळ्या प्रकारात पैसे आणि वेळ गेला होता. या एका पानाने मात्र आयुष्यभराचं नुकसान झालं असतं. व्हिसाच्या अर्जात लग्न लपवणं म्हणजे महत्त्वाची खोटी माहिती देणं, आणि अमेरिकन कायद्यात त्याची शिक्षा म्हणजे कायमची प्रवेशबंदी. ती उठवण्यासाठी वेगळा अर्ज करता येतो, पण मी नसल्याने नवऱ्याला किती टोकाचा त्रास होतोय, हे तेव्हा सिद्ध करत बसावं लागतं. तिकडेच राहायचं मनात ठरवून पर्यटक म्हणून जाणं हेही त्यातच मोडतं. आणि उत्तर द्यावं लागलं असतं मला. डीएस-१६०वर शेवटचं ‘साइन अँड सबमिट’ अर्जदाराने स्वतः दाबायचं असतं. फॉर्म कोणी भरला हे तिथे कोणी ऐकून घेत नाही.

मी नकार दिला, तेव्हा त्याने ठेवणीतलं अस्त्र काढलं. माझा पासपोर्ट आणि लग्नाचा मूळ दाखला त्याच्या कपाटात होता. “फाईल क्लोजिंग चार्जेस” म्हणून पंचवीस हजार द्या आणि कागद न्या. बाबा द्यायला तयार झाले होते. माझ्या मामांनी, ते साताऱ्यातच वकिली करतात, त्याला एकच वाक्य टाइप करून पाठवलं: पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता आहे, आज संध्याकाळपर्यंत मिळाला नाही तर उद्या सकाळी पोलिसांत तक्रार. संध्याकाळी ऑफिसातला पोरगा पाकीट घेऊन दारात हजर. पैशांचं मात्र नाव नाही.

तक्रार तरीही केलीच. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन, सायबरक्राइमच्या सरकारी पोर्टलवर नोंद आणि पोलीस ठाण्यात लेखी अर्ज. तिथे पहिल्यांदा ऐकवलं गेलं की ही दिवाणी बाब आहे, सेवा आवडली नाही तर ग्राहक आयोगात जा. एजंटने काम नीट केलं नाही अशी तक्रार घेऊन गेलात, तर हेच ऐकायला मिळणार. आम्ही खोटी रिसीट नोटीस, तिच्या शेजारी केस स्टेटसच्या पानाचा प्रिंट आणि यूपीआयचे व्यवहार असे तीन कागद टेबलावर ठेवले, तेव्हा बोलणं बदललं. दुसऱ्याच्या पावतीवर नाव बदलून पैसे उकळणं ही सरळ फसवणूक आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८, आणि बनावट दस्तऐवजाचा भाग वेगळा.

अर्ज शेवटी नवऱ्याने स्वतःच्या खात्यातून, स्वतः बसून भरला. ऑनलाइन फी ६२५ डॉलर, एप्रिल २०२४ पासूनचा दर. फी भरल्याची पावती पे डॉट जीओव्ही या अमेरिकन सरकारच्या पेमेंट साइटकडून त्याच्या ईमेलवर आली आणि खऱ्या नोटिशीवर माझं नाव बेनिफिशियरीच्या रकान्यात दिसलं. एका वकीलबाईंकडून त्याने तासाभराचा सल्ला घेतला. त्यांचं लायसन्स आधी त्यांच्या राज्याच्या बार असोसिएशनच्या साइटवर पाहिलं, त्याला दोन मिनिटं लागली. फोटोंबद्दल त्या म्हणाल्या, नटूनथटून काढलेले शंभर नकोत. लग्नाच्या नोंदणीचे, घरच्यांसोबतचे, विमानाची तिकिटं, एकमेकांना पाठवलेले पैसे, वर्षभरातलं थोडं थोडं बोलणं, एवढं पुरे. अल्बमचे पैसे घेणाऱ्याने हे सांगितलं असतं तर त्याचं दुकान कसं चाललं असतं?

आता रांगेत आहोत. पिटिशनलाच वर्ष-सव्वा वर्ष सहज जातं, मग व्हिसा सेंटर, मग वकिलातीने नेमलेल्या डॉक्टरांकडे मेडिकल, मग मुंबईत बीकेसीतल्या वकिलातीत मुलाखत. मुलाखतीची तारीख व्हिसा सेंटर ठरवून कळवतं. परवाच बाबांना अनोळखी नंबरवरून फोन आला होता, मुंबईचा ‘इमिग्रंट स्लॉट’ चाळीस हजारांत मिळेल म्हणून. आमचा नंबर त्यांच्याकडे कुठून गेला, हे सांगायला नको.

याच डेक्कनच्या ऑफिसात ज्यांनी पैसे भरलेत, त्यांनी आपला आयओई नंबर आजच केस स्टेटसच्या पानावर टाकून कुठला फॉर्म दिसतो ते बघा. व्हॉट्सॲपवरचं बोलणं डिलीट करू नका, एक्सपोर्ट करून ठेवा. हा एजंट मेसेज पाठवून नंतर ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ करतो, म्हणून स्क्रीनशॉट लगेच घ्या. आमच्या जबाबात तपास अधिकाऱ्यांनी सर्वांत आधी मागितलं ते पीडीएफ ज्या मेसेजमधून आली तो मूळ मेसेज, तारीख-वेळेसकट. फॉरवर्ड केलेली प्रत त्यांनी बाजूला ठेवली.