लादलेली लोकशाही आणि मागून घेतलेली लोकशाही

बाहेरच्या शक्तीने लोकशाही रुजवता येते का, या वादात जपानचा दाखला हमखास दिला जातो. दुसऱ्या महायुद्धात हरलेल्या जपानचा ताबा सांभाळणारे अमेरिकी सेनापती मॅकआर्थर यांच्या कर्मचाऱ्यांनी फेब्रुवारी 1946 मध्ये जेमतेम आठवड्याभरात लिहिलेल्या मसुद्यावर आधारलेली राज्यघटना 3 मे 1947 रोजी लागू झाली आणि आजही टिकून आहे. मात्र तेथे संसद 1890 पासून होती, पुरुषांना सार्वत्रिक मताधिकार 1925 मध्येच मिळाला होता आणि नोकरशाही पराभवानंतरही बऱ्याच अंशी जागेवर होती, हे सांगायचे बहुधा राहून जाते. इराकमध्ये 2003 साली अमेरिकी आक्रमणानंतर नेमके उलटे घडले. सैन्य विसर्जित झाले, सद्दाम हुसेन यांच्या सत्ताधारी बाथ पक्षाचे अधिकारी हटवले गेले आणि जानेवारी 2005 च्या निवडणुकीवर बहुतांश सुन्नी मतदारांनी बहिष्कार टाकला.

दुसऱ्या मार्गाचा, म्हणजे लोकांनी स्वतः मागणी करून मिळवलेल्या लोकशाहीचा, दाखला आम्हां खानदेशकरांच्या घरचाच आहे. यावल तालुक्यातील फैजपूरला डिसेंबर 1936 मध्ये काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन झाले. नंदलाल बोस यांनी बांबूने सजवलेल्या त्या नगरात, नेहरूंच्या अध्यक्षतेखाली, भारताच्या कारभारासाठी ब्रिटिश संसदेने केलेला 1935 चा कायदा फेटाळून प्रौढ मताधिकाराने निवडलेल्या संविधान सभेची मागणी करण्यात आली. (प्रत्यक्षात 1946 ची सभा मर्यादित मताधिकारातूनच आली.) मला हाच मार्ग अधिक भरवशाचा वाटतो, पण तो निर्भेळ स्वदेशी नव्हता: फैजपूरला धुडकावलेल्या त्याच कायद्यातील कितीतरी तरतुदी संविधान सभेने पुढे पारखून आपल्या राज्यघटनेत घेतल्या.