अंतर चोख, वेळ अपुरी: विमान-अंतर सांगणाऱ्या एका संकेतस्थळाविषयी

सोलापुरातील आमच्या काही स्नेह्यांनी नॉर्वेच्या अगदी उत्तरेकडील प्रवासाची आखणी सुरू केली, तेव्हा दोन विमानतळांमधील अंतर आणि उड्डाणाला लागणारा वेळ सांगणारे एक मोफत संकेतस्थळ मी बारकाईने वापरून पाहिले. अंतराच्या बाबतीत ते भरवशाचे आहे. उत्तर नॉर्वेतील ट्रोम्सो शहरापासून स्वालबार्ड द्वीपसमूहातील लाँगइयरब्येनपर्यंतचे अंतर ते ९५७ किलोमीटर दाखवते आणि दोन्ही ठिकाणांचे अक्षांश-रेखांश घेऊन स्वतः गणित मांडले, तरी उत्तर तेच येते. सोलापूर-मुंबई लोहमार्गाच्या दुपटीहून हे थोडेसे अधिक आहे.

वेळेचा आकडा मात्र तपासूनच घ्यावा. ताशी ८५० किलोमीटर वेग धरायचा आणि विमानाच्या चढण्या-उतरण्यासाठी अर्धा तास मिळवायचा, असा सरसकट हिशेब येथे असल्यामुळे ट्रोम्सो-लाँगइयरब्येनसाठी १ तास ३८ मिनिटे हे उत्तर मिळते आणि त्या मार्गावरील जेट विमानांना ते लागूही पडते. परंतु हाच हिशेब सोलापूर-गोवा मार्गाला लावला, तर सुमारे ३०० किलोमीटरसाठी पन्नासएक मिनिटे दिसतात. या मार्गावर उडणाऱ्या, पंख्यांच्या एटीआर ७२ विमानाचा वेग ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास असल्याने प्रत्यक्षात पाव तास तरी अधिक लागतो. विमानाचा प्रकार निवडण्याची सोय दिली असती, तर हा दोष सहज टळला असता.

आपल्याकडील प्रवाशांसाठी याहूनही महत्त्वाची बाब संकेतस्थळावर कोठेही नाही. स्वालबार्ड नॉर्वेच्या सार्वभौमत्वाखाली असले, तरी ते शेंगेन क्षेत्राबाहेर, म्हणजे एकाच व्हिसावर आणि आपसांत पारपत्र तपासणीविना फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाबाहेर आहे. त्यामुळे ट्रोम्सोहून तेथे जाताना पारपत्र तपासणी होते, ओस्लोहून ट्रोम्सोमार्गे जाणाऱ्यांनाही त्यासाठी विमानातून उतरावे लागते, आणि परतीच्या वाटेवर शेंगेन क्षेत्रात पुन्हा प्रवेश करायचा असल्याने भारतीय प्रवाशांनी किमान दुहेरी प्रवेशाचा व्हिसा घेणे आवश्यक ठरते. व्हिसाचा अर्ज भरण्यापूर्वीच हे ठाऊक असायला हवे.

संकेतस्थळाचे खरे सामर्थ्य आणि खरी उणीव मला एकाच उदाहरणात दिसली. लाँगइयरब्येन ते अलास्कातील उत्कियाग्विक, म्हणजे पूर्वीचे बॅरो, हे अंतर मी विचारले. भिंतीवरच्या सपाट नकाशात ही दोन गावे दोन टोकांना दिसतात, पण संकेतस्थळाने उत्तर ध्रुवाच्या जवळून जाणारी वक्ररेषा काढून ३,३८० किलोमीटर हे अचूक अंतर दिले. पृथ्वीचा गोल आकार मुलांना समजावून सांगण्यासाठी मला याहून चांगले साधन सुचत नाही. त्याखाली मात्र साडेचार तासांचा उड्डाणकाळ दिलेला आहे आणि या दोन गावांदरम्यान नियमित विमानसेवाच नाही, याचा उल्लेख नाही. तेथे खरोखर जायचे, तर ओस्लोपर्यंत खाली येऊन, अमेरिकेत उतरून, अँकरेजमार्गे पुन्हा उत्तरेला चढावे लागते. ज्या जोडीदरम्यान थेट विमान नाही, तिथे वेळेचा आकडा न दाखवता तशी स्पष्ट सूचना द्यावी, असे मी संचालकांना कळवले आहे.