दीड मिनिटाचा नायट्रो पोचवायचा कसा? फुकट आणि स्वस्त वाटांची पारख

खोपोलीच्या इमॅजिका पार्कातला नायट्रो हा रोलरकोस्टर बाहेरून, ट्रायपॉड लावून, ४के आणि सेकंदाला ६० फ्रेम अशा सेटिंगवर टिपला तर दीड मिनिटाची क्लिप साधारण ६७५ एमबीची होते. कॅमेरा ६० एमबीपीएसने, म्हणजे सेकंदाला ६० मेगाबिटने लिहीत असेल तर ६० गुणिले ९० म्हणजे ५,४०० मेगाबिट. त्याला आठाने भागलं की ६७५ मेगाबाइट. ॲक्शन कॅमेऱ्यावर १०० एमबीपीएस लावलेत तर तीच क्लिप ११२५ एमबीवर जाते. पुढची सगळी पारख याच ६७५ एमबीच्या क्लिपवर बेतलेली आहे, म्हणून हा आकडा ध्यानात असू द्या.

पाठवायला पैसे पडत नाहीत म्हणजे स्वस्त, असं आपण धरून चालतो. पण दिवसाला दीड जीबीचा पॅक असलेल्या माणसाने अशा दोन क्लिप उतरवल्या की त्याच्या वाट्याला संध्याकाळपर्यंत जेमतेम दीडशे एमबी उरतात. पाठवणाऱ्याचा फुकटेपणा घेणाऱ्याच्या रिचार्जमधून वसूल होतो. म्हणून प्रत्येक क्लिपच्या दोन आवृत्त्या ठेवाव्यात, एक नुसती बघायला आणि एक मूळ, हे माझं ठाम मत आहे. कुठली आवृत्ती कुठल्या वाटेने जाते यावर सगळं अवलंबून आहे.

आधी एक गोष्ट. कोस्टरचा व्हिडिओ आणि कॉम्प्रेशन यांचं हाडवैर आहे. लग्नाच्या व्हिडिओत मागची भिंत हलत नाही, त्यामुळे कोडेक, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करणारी पद्धत, ती एकदा लिहितो आणि पुढच्या फ्रेमांत तीच वापरतो. नायट्रोची गाडी पकडायला तुम्ही कॅमेरा फिरवता तेव्हा पूर्ण चौकटच सरकते. मागे पावसाळ्यातला हिरवागार डोंगर, पुढे खांबांची गर्दी, त्यातून सुसाट जाणारी गाडी. प्रत्येक फ्रेममध्ये जवळजवळ सगळंच नवं. बिट कमी पडले की पहिला बळी झाडांचा जातो, पानांचा हिरवा चिखल होतो. मग रुळाच्या कडा पायऱ्यापायऱ्यांच्या दिसायला लागतात. आणि ज्यासाठी जाणकार तो व्हिडिओ थांबवून थांबवून बघतो, ती चाकांची जुळणी, म्हणजे रुळावरची, बाजूची आणि खालची अशी तीन जातींची चाकं, तिथे राखाडी ठिपका उरतो.

व्हॉट्सॲपने हेच होतं. नेहमीसारखा गॅलरीतून व्हिडिओ पाठवला की तो ४८०पीच्या आसपास येतो, एचडी निवडलं तरी ७२०पी. आत्याला दाखवायला ठीक आहे. पण जोडणीच्या (पेपरक्लिपच्या) चिन्हावर जाऊन ‘डॉक्युमेंट’ म्हणून तीच फाइल जोडली तर ती जशीच्या तशी जाते, २ जीबीपर्यंत. ही सोय बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही. खोट एवढीच, की घेणाऱ्याने महिनाभरात फाइल उतरवली नाही किंवा उतरवून पुसून टाकली, की ‘पुन्हा पाठव’ असा निरोप येतो. एकाला एकदा द्यायला चांगली वाट, संग्रहासाठी अगदीच निरुपयोगी.

यूट्यूबवर ‘अनलिस्टेड’ ठेवलेला व्हिडिओ बघायला सगळ्यांत सोयीचा. लिंक असेल तो बघतो, शोधात येत नाही, आणि घेणाऱ्याच्या फोनला झेपेल तेवढाच दर्जा उतरतो. त्यामुळे दीड जीबीवाला माणूसही खूश. मात्र इथे एक खाच आहे. छोट्या चॅनलवर १०८०पीची फाइल चढवली की यूट्यूब ती सहसा जुन्या एव्हीसी कोडेकमध्ये आणि हात आखडता घेऊन दाबतं. १४४०पी किंवा त्याहून मोठी चढवली की व्हीपी९ हा नवा कोडेक मिळतो आणि बिटही सढळ मिळतात. म्हणून कॅमेरा १०८०पीचाच असला तरी एडिटरमध्ये प्रकल्पाचा आकार २५६० गुणिले १४४० करून एक्स्पोर्ट करा आणि मग चढवा. नवा तपशील काही येत नाही, आहे तो मात्र टिकतो. झाडांमध्ये फरक उघड दिसतो. यूट्यूबची स्वतःची शिफारस ६० फ्रेमसाठी अशी आहे: १०८०पीला १२ एमबीपीएस, १४४०पीला २४, आणि ४केला ५३ ते ६८. कोस्टरसाठी याहून खाली कधी जाऊ नये.

चढवल्यावर लगेच लिंक वाटायची घाई करू नका. सुरुवातीला नुसतं ३६०पी तयार असतं, ४के शिजायला वेळ लागतो. पहिल्या दहा मिनिटांत उघडणारा ‘दर्जा बेकार आहे’ म्हणून मोकळा होतो आणि परत बघत नाही. व्हिडिओ आडवाच ठेवा, कारण उभा किंवा चौकोनी आणि तीन मिनिटांच्या आतला असला की यूट्यूब त्याला शॉर्ट्समध्ये ढकलतं. खातं फोन नंबरने पडताळून घ्या, नाहीतर १५ मिनिटांच्या वर काही चढत नाही. ‘मुलांसाठी बनवलेला’ या खुणेला हात लावू नका, टिप्पण्या बंद होतात. पार्कात लावलेलं गाणं ध्वनिमुद्रणात आलं असेल तर हक्काचा दावा येऊ शकतो. गाडीत बसायच्या स्टेशनपाशी वाजणारं संगीत कापून लिफ्टपासूनच, म्हणजे गाडी पहिल्या चढावर ओढली जाते तिथूनच सुरुवात केली तर ही कटकट वाचते.

आणि यूट्यूबला कपाट समजू नका. यूट्यूब स्टुडिओतून स्वतःचाच व्हिडिओ उतरवला तर ७२०पी हाती येतो. मूळ फाइल तुमच्याकडून उडाली तर हे फारच महागात पडतं.

मूळ फाइल पाच-पन्नास जणांच्या गटाला द्यायची असेल तर टेलिग्राम, आणि यात मला फारशी शंका वाटत नाही. फुकट खात्यावर एक फाइल २ जीबीपर्यंत चालते, पैसे भरलेल्या खात्यावर ४ जीबी. आपली ६७५ एमबीची क्लिप आरामात बसते. एकदा चढवली की पुढे पाठवताना पुन्हा अपलोड लागत नाही. १० एमबीपीएसच्या अपलोडवर ती चढायला नऊ मिनिटं लागतात, पाच एमबीपीएसच्या मोबाइल नेटवर अठरा, आणि हा वेळ एकदाच जातो. गटाच्या सेटिंगमध्ये जुने संदेश नव्यांना दिसतील असं ठेवलं तर सहा महिन्यांनी आलेला नवा सदस्यही जुनी क्लिप उतरवू शकतो, व्हॉट्सॲपवर हे जमत नाही. चूक होते ती एकाच जागी: गॅलरीतून पाठवली की इथेही दाबली जाते. ‘फाइल’ हाच पर्याय घ्या. गटातल्या लोकांना सेटिंगमध्ये जाऊन आपोआप डाउनलोड बंद करायला सांगा, नाहीतर दुसऱ्या दिवशी कुणाचा तरी पॅक संपलेला असतो आणि शिव्या तुम्हाला बसतात. फुकट खात्यांना डाउनलोडचा वेग कमी मिळतो, ते सोसायचं. तिथल्या साध्या गप्पा टोकापासून टोकापर्यंत कुलूपबंद नसतात, पण रुळांच्या व्हिडिओत लपवायचं काय आहे?

एक आहे, व्हिडिओ कुठे टिपला ते ठिकाण. मूळ फाइलीत बऱ्याचदा जीपीएसचे आकडे शिवलेले असतात. पार्कातल्या क्लिपला त्याने काही बिघडत नाही. पण पोरांनी गच्चीवर पाइप जोडून केलेल्या गोट्यांच्या कोस्टरचा व्हिडिओ असेल तर घराचा पत्ताच फाइलीबरोबर जातो. असे व्हिडिओ टिपताना कॅमेऱ्याच्या सेटिंगमधलं लोकेशन आधीच बंद ठेवा.

गूगल ड्राइव्ह दुसऱ्या क्रमांकावर, तेही जरा हात राखून. १५ जीबी फुकट, पण त्यात जीमेल आणि फोटोही आले. ते पूर्ण रिकामं धरलं तरी आपल्या बावीस क्लिप मावतात, आणि भरलं की नव्या मेल येणं थांबतं. वाटताना ‘लिंक असलेला कुणीही’ हा पर्याय निवडायला लोक विसरतात, मग परवानगी मागणाऱ्या मेलांचा पाऊस पडतो. एखादी फाइल थोड्या वेळात फार जणांनी उतरवली तर ड्राइव्ह ती काही तासांसाठी अडवतं. दोन-तीन जणांत काम चालू असेल, म्हणजे एकाने लिफ्ट टिपली, दुसऱ्याने ब्रेकची बाजू आणि तिसरा जोडणार आहे, तर मात्र ड्राइव्हचे फोल्डर फार कामाचे. झिप करून जागा वाचेल असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. व्हिडिओ आधीच दाबलेला असतो, झिपने चार एमबीही सुटत नाहीत.

इन्स्टाग्रामबद्दल बोलण्यासारखं काही नाही. उभी चौकट, आडवा कोस्टर.

बघायच्या आवृत्तीसाठी हँडब्रेक हे फुकट सॉफ्टवेअर पुरे. कोडेक एच.२६४, आकार १०८०पी, दर्जाची पट्टी आरएफ १८ ते २० (आकडा कमी तेवढा दर्जा चांगला), वेग ‘स्लो’, ‘वेब ऑप्टिमाइज्ड’वर खूण. फ्रेमरेट ‘कॉन्स्टंट’च ठेवा. फोन चित्रित करताना फ्रेमांचा वेग थोडा वर-खाली होऊ देतात, आणि पुढे एडिटरमध्ये आवाज चित्रापासून सुटत जातो. शेवटच्या ब्रेकचा फुस्स आवाज गाडी थांबून गेल्यावर येतो तो यामुळेच. फाइल २० एमबीपीएसच्या आसपास आली तर दीड मिनिटाला २२५ एमबी होतात, म्हणजे मूळच्या एक तृतीयांश. आवाज मात्र दाबू नका, ‘पासथ्रू’ ठेवा, म्हणजे तो जसाच्या तसा जातो. नायट्रो बी अँड एम या कोस्टर बनवणाऱ्या कंपनीचा, फ्लोअरलेस (पायांखाली तळ नसलेल्या) जातीचा, पाच वेळा उलटा होणारा. त्यांच्या रुळाखालचा चौकोनी पोकळ कणा गाडी जाताना जो घुमतो, तो ऐकायला निम्मे लोक व्हिडिओ उघडतात. माइकवर फरची टोपी नसेल तर वारा तो आवाज आधीच खाऊन टाकतो, आणि मग कुठल्याच सेटिंगने तो परत येत नाही.

नुसतं आजूबाजूचं कापायचं असेल तर व्हिडिओ पुन्हा एन्कोड करू नका, म्हणजे नव्याने दाबू नका. लॉसलेसकट हे सॉफ्टवेअर दर्जाला धक्का न लावता काही सेकंदांत कापून देतं. कट मुख्य फ्रेमवरच (पूर्ण लिहिलेल्या चित्रावरच) बसतो, म्हणून तुमच्या खुणेच्या किंचित आधीपासून क्लिप सुरू होते. तेवढं चालवून घ्या.

‘नुसता आवाज येतो, चित्र काळं’ ही तक्रार ठरलेली. नवे फोन एचईव्हीसी या नव्या कोडेकमध्ये टिपतात आणि विंडोजवर त्याचा कोडेक नसतो. व्हीएलसी प्लेअर टाका, मिटलं. ‘रंग धुतल्यासारखे’ ही तक्रार आयफोनच्या एचडीआरची. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये एचडीआर व्हिडिओ आधीच बंद करा. नंतर रंग दुरुस्त करण्यात पूर्ण रविवार जातो.

गाडीत बसून हातात फोन धरून टिपलेल्या क्लिपची मागणी सगळ्यांत जास्त असते, पण ती पाठवूही नये आणि मागूही नये. सुटा फोन त्या वेगात निसटला तर मागच्या माणसाच्या तोंडावर बसतो. पार्क त्याला मनाई करतात ती उगाच नाही. बाहेरून, लांब लेन्सने टिपलेल्या क्लिपमध्ये बघण्यासारखं जास्तच असतं.

आता पेनड्राइव्ह. हसू नका. वर्षभराचा संग्रह द्यायचा असेल तर ६४ जीबीच्या पेनड्राइव्हवर अशा नव्वदेक क्लिप जातात आणि घेणाऱ्याचा एक एमबीही खर्च होत नाही. तो फॅट३२मध्ये फॉरमॅट असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल घेतच नाही, ‘फाइल फार मोठी आहे’ म्हणून कुरकुरतो. एक्सफॅट करून घ्या. रस्त्यावरच्या स्वस्त पेनड्राइव्हवर लिहिलेली क्षमता खोटी असू शकते. भरताना सगळं गेल्यासारखं दिसतं, उघडताना निम्म्या फाइली फुटक्या. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू चालवून आधी तपासा. पाकिटात नुसता टाकू नका, शिक्क्याखाली चेपतो. दोन पुठ्ठ्यांमध्ये खाच करून बसवा. परदेशातल्या मित्राला पाठवताना कस्टमचं प्रकटन भरावं लागतं.

जुन्या टेपांची तऱ्हा वेगळी. गोराईचं एस्सेलवर्ल्ड १९८९मध्ये सुरू झालं आणि २०२२मध्ये बंद पडलं. तिथल्या झिपर डिपर आणि हुला लूप या कोस्टरांचं जे चित्रण घराघरांत पडलंय ते व्हीएचएस किंवा हाय८वर आहे, आणि ते पुन्हा टिपता येणार नाही. आपल्याकडची टेप पाल पद्धतीची, सेकंदाला ५० अर्धी चित्रं. स्वस्त यूएसबी कॅप्चर यंत्रं मिळतात, पण लोक ती २५ फ्रेमवर लावतात आणि निम्मी हालचाल गमावतात. कॅप्चर इंटरलेस्डच, म्हणजे अर्ध्या चित्रांतच करा, मग ‘बॉब’ पद्धतीने डीइंटरलेस करून, म्हणजे प्रत्येक अर्ध्या चित्राचं एक पूर्ण चित्र करून ५० फ्रेम काढा. लूपमधून उतरणारी गाडी तेव्हाच घरंगळल्यासारखी दिसते, नाहीतर उड्या मारते. व्हीएचएस टेपच्या कडेची प्लास्टिकची पट्टी मोडून टाका म्हणजे चुकून त्यावर काही मुद्रित होणार नाही. आणि व्हीसीआरमध्ये घालण्याआधी खिडकीतून फितीच्या गुंडाळीकडे नीट बघा. मुंबईच्या दमट हवेत तिच्यावर पांढरी बुरशी धरते. पांढरे ठिपके दिसले तर लावू नका, यंत्राचं हेड माखतं आणि पुढची चांगली टेपही त्यात सापडते.