मासा ओळखायचा कशाने: डोळ्यांनी, डीएनएने की कागदी पट्टीने?

खानावळ किंवा घरपोच मासळीचा धंदा सुरू करताय? मग दोन गोष्टी तपासाव्या लागतील: मासा सांगितला तोच आहे का, आणि तो ताजा आहे का. एका तपासणीत दोन्ही उत्तरं मिळत नाहीत.

अख्खा मासा घेणार असाल तर प्रयोगशाळेवर खर्च करू नका. सुरमईचंच बघा. पट्टेवाल्या सुरमईच्या कुशीवरची रेघ पाठीवरच्या दुसऱ्या पराच्या शेवटाशी एकदम खाली वळते; ठिपकेवालीत तीच रेघ हळूहळू उतरत जाते. हलवा ‘काळा पापलेट’ म्हणून खपवतात, पण तो पापलेटच्या कुळातला नाहीच. चार सकाळी ससून डॉकवर काढा, कोळणींना विचारा, नजर तयार होते.

ही नजर हरते ती डोकं, कातडी आणि पर निघून गेल्यावर. गोठवलेला पांढरा तुकडा रावसाचा की स्वस्तातल्या बासा माशाचा, हे नुसतं बघून छातीठोक सांगणाऱ्यावर मी विश्वास ठेवणार नाही. तिथे डीएनए बारकोडिंगच हवं. २००३ साली कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठातल्या पॉल हेबर्ट यांच्या गटाने ते मांडलं: सीओआय या जनुकाचा सुमारे ६५० अक्षरांचा तुकडा वाचायचा आणि नोंदींशी ताडायचा. डबाबंद माशात डीएनए तुटलेला असतो, म्हणून आखूड तुकड्यांवर भागवावं लागतं. ट्यूनाच्या काही जाती तर इतक्या जवळच्या की एकटं सीओआय पुरत नाही. निकाल यायला वेळ लागतो, तेव्हा ही तपासणी गोठवलेल्या मोठ्या मालासाठी, नवा पुरवठादार धरताना. रोजच्या ताज्या मासळीला तिचा उपयोग नाही.

ताजेपणाला लाल कल्ले, फुगीर डोळे आणि वास पुरतात, पण मासा कुजू नये म्हणून लपूनछपून लावलेलं फॉर्मालिन हे विषारी रसायन मांस घट्ट करून बोटाला फसवतं. २०१८ मध्ये गोव्यात यावरून केवढा गदारोळ झाला होता. कोचीच्या केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेने त्यासाठी कागदी पट्टी काढली आहे: माशावर घासायची, थेंब टाकायचा, रंग बघायचा. बाहेरगावचा माल घेणाऱ्याने ती जवळ ठेवावीच.

बांगड्याचं दुखणं निराळं. तो उन्हात राहिला की जिवाणू हिस्टामिन तयार करतात; ते पोटात गेलं की अंगावर पुरळ उठतं, डोकं दुखतं. ते दिसत नाही, फॉर्मालिनच्या पट्टीवर उमटत नाही आणि कालवण कितीही उकळलं तरी जात नाही. उपाय एकच, पकडल्यापासून बर्फ: माशाइतकाच बर्फ, थरावर थर, आणि वितळलेलं पाणी निघून जायला खोक्याला भोक.

फ्रीझर बर्फाची जागा घेऊ शकत नाही. घरगुती फ्रीझरमध्ये मासा हळू गोठतो, बर्फाचे मोठे स्फटिक पेशी फाडतात, आणि बाहेर काढल्यावर पाणी सुटून तुकडी भुसभुशीत होते. झटपट गोठवून उणे १८ अंशांना ठेवलेला पापलेट चांगला टिकतो. बांगडा, तारली तेलकट, तिथेही खवट होतात. ते बर्फात ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संपतील एवढेच आणा.